डार्विन आणि दवबिंदूचे रोप

गाय गवत खाते, शेळी पाला खाते, टोळधाड आली तर ती उभे पीक फस्त करते. प्राण्यांनी वनस्पती खाव्यात, हा निसर्गाचा नेहमीचा क्रम आहे. पण एखादी वनस्पतीच प्राण्याला पकडून खाते, असे कोणी सांगितले तर तुमचा विश्वास बसेल का? पूर्वी मोठमोठ्या विद्वानांचाही बसत नव्हता. ज्या माणसाने शेकडो प्रयोग करून ही गोष्ट जगाला पटवून दिली, त्याच्या आयुष्याची ही हकिकत आहे. त्या माणसाचे नाव चार्ल्स डार्विन.

डार्विन यांचे नाव तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले असेल. उत्क्रांती, म्हणजे उर्दूत ज्याला इर्तिका म्हणतात, तिचा सिद्धान्त मांडणारे शास्त्रज्ञ म्हणून सारे जग त्यांना ओळखते. परंतु याच डार्विन यांनी आपल्या आयुष्यातील कितीतरी दिवस चिमूटभर आकाराच्या एका रोपट्यापुढे बसून काढले, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

चार्ल्सचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूझबरी या गावी झाला. त्याचे वडील रॉबर्ट डार्विन हे नामांकित डॉक्टर होते. आजोबा इरॅझ्मस डार्विन हेही डॉक्टर होते आणि वनस्पतींवर कविता लिहिणारे कवी म्हणूनही त्यांचा लौकिक होता. चार्ल्स आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली. मोठ्या बहिणींनी त्याला सांभाळले. शाळेत त्याचे मन रमत नसे. त्या काळच्या शाळेत लॅटिन आणि ग्रीक भाषांचे पाठांतर फार असे. चार्ल्सला पाठांतरापेक्षा शिंपले, दगड आणि किडे गोळा करण्यात अधिक आनंद वाटे.

वयाच्या सोळाव्या वर्षी वडिलांनी त्याला डॉक्टरीच्या शिक्षणासाठी एडिंबरोला पाठवले. तेव्हा गुंगी आणणारे औषध वापरात आलेले नव्हते. रोगी शुद्धीवर असतानाच शस्त्रक्रिया केली जाई. एका लहान मुलावर होणारी शस्त्रक्रिया चार्ल्सला पाहवली नाही. तो तेथून निघून गेला आणि पुन्हा त्या खोलीकडे फिरकला नाही. डॉक्टरीचे शिक्षण अर्धवट राहिले. मग धर्मगुरू व्हावे म्हणून वडिलांनी त्याला केंब्रिजला धाडले. तेथे त्याला हेन्स्लो नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक भेटले. ते विद्यार्थ्यांना घेऊन रानावनात हिंडत आणि झाडेझुडपे दाखवत. चार्ल्सला खरा गुरू मिळाला.

केंब्रिजला असताना त्याला भुंगेरे जमवण्याचे वेड लागले होते. एकदा झाडाची साल काढताना त्याला दोन दुर्मीळ भुंगेरे दिसले. त्याने दोन्ही हातांत एकेक पकडला. इतक्यात तिसरा, अगदी निराळ्या जातीचा भुंगेरा दिसला. आता काय करावे? चार्ल्सने उजव्या हातातला भुंगेरा चटकन तोंडात टाकला! त्या किड्याने असा काही जळजळीत रस सोडला की जीभ भाजून निघाली. त्याला तो थुंकून टाकावा लागला. तोही गेला आणि तिसराही निसटला. हा प्रसंग वाचून तुम्हांला हसू येईल. पण ज्याला कुतूहल असते, तो स्वतःच्या जिभेचीही पर्वा करत नाही, हेही यातून दिसते.

हेन्स्लो यांच्या शिफारशीमुळे चार्ल्सला ‘बीगल’ या जहाजावरून जगाच्या सफरीला जाण्याची संधी मिळाली. वडिलांनी आधी नकार दिला. मामांनी त्यांची समजूत घातली तेव्हा कुठे परवानगी मिळाली. २७ डिसेंबर १८३१ रोजी जहाज निघाले. २ ऑक्टोबर १८३६ रोजी ते परत आले. या जवळजवळ पाच वर्षांत डार्विन यांनी दक्षिण अमेरिकेतील जंगले, डोंगर, गॅलापागोस बेटे आणि ऑस्ट्रेलिया पाहिले. हजारो नमुने गोळा केले आणि वह्याच्या वह्या भरून टिपणे लिहिली.

परत आल्यावर १८३९ साली त्यांचा विवाह मामेबहीण एमा यांच्याशी झाला. १८४२ साली हे कुटुंब लंडनपासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या डाउन या खेड्यात राहायला गेले. पुढची चाळीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, डार्विन याच घरात राहिले. जगाची सफर केलेला हा माणूस नंतर ब्रिटनबाहेर कधीच गेला नाही. याचे मुख्य कारण म्हणजे त्यांची प्रकृती. वारंवार उलट्या होत, हातपाय थरथरत, छातीत धडधडे. डॉक्टरांना रोगाचे निदान झाले नाही. दिवसातून दोनतीन तासच नीट काम करता येई. उरलेला वेळ विश्रांती, पत्रे आणि बागेतल्या वाळूच्या वाटेवरच्या फेऱ्या यांत जाई. पण ते थोडे तास त्यांनी कधी वाया घालवले नाहीत.

घरातही दुःखे होती. त्यांना दहा मुले झाली, त्यांतली तीन लहानपणीच दगावली. सगळ्यांची लाडकी ॲनी १८५१ साली वयाच्या दहाव्या वर्षी गेली. तो घाव डार्विन यांच्या मनात शेवटपर्यंत ओला राहिला.

नोव्हेंबर १८५९ मध्ये त्यांचे ‘ऑरिजिन ऑफ स्पीशीज’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. सजीवांच्या जाती हळूहळू बदलत जाऊन नव्या जाती कशा तयार होतात, याचे विवेचन त्यात होते. पुस्तकाने मोठी खळबळ माजली. वर्तमानपत्रांत आणि सभांत वाद सुरू झाले. त्यातच १८६० साली त्यांची सोळा वर्षांची मुलगी हेन्रिएटा गंभीर आजारी पडली. ॲनीचे दुःख सोसलेल्या आईबापांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची तुम्हीच कल्पना करा.

त्या उन्हाळ्यात हे कुटुंब ससेक्स परगण्यातील हार्टफील्ड या गावी नातेवाइकांकडे राहायला गेले. जवळच ओलसर माळरान होते. तेथे फिरताना डार्विन यांना एक रोपटे दिसले. जमिनीला चिकटलेली नाण्याएवढी गोल पाने, पानांवर लाल रंगाचे केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चमकणारा एक थेंब. दुपारच्या उन्हातही हे थेंब सुकत नसत. म्हणून इंग्रजीत या रोपट्याला ‘सूर्याचे दव’ अशा अर्थाचे नाव आहे. शास्त्रीय नाव ड्रॉसेरा. मराठीत आपण त्याला दवबिंदू म्हणतो. दव म्हणजे उर्दूतील शबनम, हे तुम्हांला सांगायला नकोच.

पण ही शबनम फसवी होती. तो थेंब पाण्याचा नव्हता, तर डिंकासारख्या चिकट रसाचा होता. पानांवर कितीतरी किडे चिकटून मेलेले होते. डार्विन यांनी सहज बारा रोपे उपटून पाहिली. त्यांवर पूर्ण उमललेली ५६ पाने होती. त्यांपैकी ३१ पानांवर मेलेले किडे किंवा त्यांचे अवशेष सापडले. किडे चिकटतात हे आधीही लोकांना माहीत होते. झाडाच्या चिकाला माशी चिकटावी तसा हा योगायोग असावा, असे बहुतेकांना वाटे. डार्विन यांच्या मनात मात्र प्रश्न उभा राहिला. निम्म्याहून अधिक पानांवर किडे सापडावेत, हा नुसता योगायोग कसा?

त्यांनी काही रोपे घरात आणून ठेवली आणि प्रयोग सुरू केले. पानावर माशी ठेवली की आजूबाजूचे केस हळूहळू वाकत आणि काही तासांत माशीला कवटाळून टाकत. कच्च्या मांसाचा कण ठेवला तरी तसेच होई. मग पाने किती संवेदनशील आहेत, हे त्यांनी तपासले. माणसाच्या केसाचे बारीक बारीक तुकडे करून केसाच्या टोकावरील ग्रंथीवर ठेवले. मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागापेक्षाही हलका तुकडा ठेवला तरी ग्रंथीला तो जाणवे आणि केस वाके. असा तुकडा आपल्या जिभेवर ठेवला तरी आपल्याला कळणारही नाही! नवल म्हणजे, वरून पाण्याचे थेंब पडले तर मात्र पान मुळीच हलत नसे. पावसाने फसावे असे ते पान नव्हते.

पुढे हेन्रिएटाला हवापालटासाठी ईस्टबोर्न या समुद्रकाठच्या गावी नेले. तेथेही आजारी मुलीच्या काळजीत असलेल्या या बापाचे प्रयोग चालूच राहिले. एमा थट्टेने म्हणत की, हे या रोपट्याला अगदी जिवंत प्राण्यासारखे वागवतात आणि शेवटी ते प्राणीच आहे असे सिद्ध करणार. डार्विन यांनीही मित्रांना कळवले की, जगातील सर्व जातींच्या उगमापेक्षा सध्या आपल्याला या रोपट्याची चिंता जास्त आहे. सारे जग ज्या पुस्तकावर भांडत होते, त्याचा लेखक मात्र एका पानावरचे केस मोजत बसला होता. हेन्रिएटा पुढे बरी झाली. मोठेपणी तिने वडिलांच्या लेखनात मदत केली आणि ती १९२७ सालापर्यंत जगली.

आता तुम्हांला वाटेल, की डार्विन यांनी लगेच आपला शोध जाहीर केला असेल. तसे झाले नाही. प्रयोगांचे निकाल पाहून त्यांना आश्चर्य वाटले, तशी धास्तीही वाटली. डोळे नाहीत, मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, अशा वनस्पतीला एवढी सूक्ष्म जाणीव असावी? लोक काय म्हणतील, यापेक्षा आपलेच काही चुकत तर नाही ना, ही शंका त्यांना अधिक छळत होती. म्हणून त्यांनी टिपणे कपाटात ठेवली आणि इतर कामे हाती घेतली. १८६३ साली घराच्या बागेत काचेचे उबदार घर बांधून घेतले. लंडनजवळच्या क्यू येथील प्रसिद्ध वनस्पती-उद्यानातून त्यांना रोपे मिळत. त्या उद्यानातील शास्त्रज्ञ जोसेफ हूकर हे त्यांचे जिवलग मित्र होते. हूकर यांनी हिमालयात भटकंती केली होती आणि भारतातील वनस्पतींवर सात खंडांचा ग्रंथही त्यांनी सिद्ध केला.

सुमारे बारा वर्षांनी, १८७२ च्या सुमारास, डार्विन यांनी पुन्हा दवबिंदूचे काम हाती घेतले. हा उशीर आपल्या फायद्याचाच ठरला, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे. बऱ्याच काळानंतर माणूस स्वतःचे काम परक्याच्या कामासारखे तपासू शकतो. परीक्षेत उत्तरपत्रिका देण्यापूर्वी आपण ती पुन्हा वाचतो, तसेच हे होते.

आता प्रश्न असा होता : पान किड्याला पकडते हे खरे, पण ते त्याला खाते काय? म्हणजे आपल्या पोटात अन्न पचते, तसे पानावर पचते काय? याचे उत्तर डार्विन यांनी कसे शोधले, ते नीट लक्ष देऊन वाचा.

प्रथम त्यांनी पानांवर वेगवेगळ्या द्रवांचे थेंब ठेवले. साखरेचे पाणी, गोंद, पिष्टाचे पाणी, ऑलिव्हचे तेल असे नायट्रोजन नसलेले पदार्थ त्यांनी ६१ पानांवर ठेवून पाहिले. केस वाकले नाहीत. मग दूध, अंड्याचा पांढरा बलक, मांसाचा अर्क असे नायट्रोजन असलेले पदार्थ ६४ पानांवर ठेवले. त्यांपैकी ६३ पानांवरचे केस वाकले. म्हणजे पानाला अन्न आणि निरुपयोगी वस्तू यांतला फरक कळत होता.

नंतर त्यांनी उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचे अगदी लहान चौकोनी तुकडे कापले. काही तुकडे पानांवर ठेवले. तसेच काही तुकडे बाजूला ओल्या शेवाळावर ठेवले. असे का केले असेल? तुकडे नुसत्या ओलाव्याने विरघळतात की पानाच्या रसाने, हे कळावे म्हणून. शेवाळावरचे तुकडे विरघळले नाहीत. पानावरच्या तुकड्यांचे कोपरे मात्र आधी गोल झाले, मग तुकडा पातळ होत होत नाहीसा झाला. पानाच्या रसात आम्ल तयार होत होते. आपल्या जठरातही आम्ल असते. मग डार्विन यांनी पानावर थोडासा क्षार टाकून ते आम्ल मारले. पचन थांबले! पुन्हा थोडे आम्ल घातले. पचन सुरू झाले! आता शंकेला जागा उरली नाही. पानाचे काम अगदी पोटासारखे चालत होते.

पण पोटाला झेपेल तेवढेच द्यावे, हा नियम पानालाही लागू होता. मांसाचा किंवा चीजचा मोठा तुकडा ठेवला तर पान आजारी पडे, काळे होई आणि मरून जाई. अति खाणे वनस्पतीलाही सोसत नाही.

दवबिंदूचा एक फार चपळ नातेवाईक आहे. त्याचे नाव व्हीनस फ्लायट्रॅप. फ्लायट्रॅप म्हणजे माश्यांचा सापळा. हे रोप जगात फक्त एकाच भागात नैसर्गिकरीत्या उगवते. तो भाग म्हणजे अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिण कॅरोलिना राज्यांतील ओलसर, रेताड मैदाने. त्याच्या पानाचे टोक उघड्या पुस्तकासारखे दोन भागांत असते. कडेला लांब दाते असतात. प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूला तीन नाजूक केस असतात. किड्याचा पाय या केसांना लागला की पुस्तक मिटावे तसे पान फटकन मिटते आणि दाते एकमेकांत अडकतात.

उत्तर कॅरोलिनाचे गव्हर्नर आर्थर डॉब्ज यांनी १७५९ च्या सुमारास या रोपाविषयी प्रथम लिहिले. पुढे लंडनचे व्यापारी आणि निसर्ग-अभ्यासक जॉन एलिस यांनी त्याला डायोनिया हे शास्त्रीय नाव दिले. हे रोप किड्यांवर पोट भरत असावे, असा अंदाजही त्यांनी केला आणि तो स्वीडनच्या लिनियस यांना कळवला. लिनियस म्हणजे त्या काळचे सर्वांत मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांना हा अंदाज पटला नाही. एवढ्या मोठ्या माणसाला पटले नाही म्हटल्यावर इतरही गप्प बसले. असे सुमारे शंभर वर्षे चालले. मोठ्या माणसाचा मान जरूर ठेवावा. पण खरे काय ते निसर्गालाच विचारावे लागते.

डार्विन यांनी तेच केले. मिटलेल्या पानात काचेचा किंवा लाकडाचा तुकडा असला तर पान सुमारे एका दिवसात पुन्हा उघडे. आत किडा असला तर ते बरेच दिवस घट्ट मिटून राही आणि आत पाचक रस भरे. त्यांनी लंडनमधील बर्डन सँडरसन या शास्त्रज्ञांना विनंती केली, की पान मिटताना त्यात वीज वाहते का ते पाहावे. १८७३ साली सँडरसन यांनी दाखवून दिले, की केसाला स्पर्श होताच पानात विजेचा सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो. आपले स्नायू हलतात तेव्हाही असेच घडते.

डार्विन स्वतः कॅरोलिनाला कधीच जाऊ शकले नाहीत. पण त्यांच्याजवळ एक मोठे साधन होते, ते म्हणजे पत्रव्यवहार. अमेरिकेतील कॅनबी यांनी त्यांना रानात किडे पकडलेली १४ पाने पाठवली. त्यांतील फक्त चार पानांत मुंग्या आणि एक छोटी माशी होती. बाकीच्या दहांत मोठे किडे होते. दात्यांच्या फटींतून बारीक किडे निसटून जातात. क्षुल्लक घासासाठी पान बरेच दिवस अडकून पडू नये म्हणून ही सोय असावी, असे डार्विन यांनी अनुमान काढले. न्यू जर्सी राज्यातील मेरी ट्रीट या विदुषींनी कळवले, की बहुतेक पाने दोन किडे पचवतात, पण तिसरा पचवताना मरून जातात. त्या काळी स्त्रियांना विज्ञानाच्या संस्थांत सहज प्रवेश नव्हता. डार्विन यांनी मात्र आपल्या ग्रंथात मेरी ट्रीट यांच्या निरीक्षणांचा नावानिशी उल्लेख केला.

अखेर २ जुलै १८७५ रोजी ‘इन्सेक्टिव्होरस प्लान्ट्स’ म्हणजे कीटकभक्षी वनस्पती हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हार्टफील्डच्या त्या माळरानावरील फेरफटक्याला पंधरा वर्षे झाली होती. तरीही काही जण म्हणाले, पाने किडे पचवत असतील, पण त्याचा रोपाला फायदा होतो हे कशावरून? या शंकेचे उत्तर डार्विन यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी दिले. त्यांनी दवबिंदूची रोपे सूप पिण्याच्या बशांत लावली आणि प्रत्येक बशीत मधोमध आडपडदा घातला. एका बाजूच्या रोपांना भाजलेल्या मांसाचे बारीक कण दिले, दुसऱ्या बाजूच्या रोपांना काहीच दिले नाही. १८७८ साली निकाल प्रसिद्ध झाला. मांस मिळालेल्या रोपांना दुपटीहून अधिक बिया आल्या होत्या. वडिलांचे अपुरे काम मुलाने पूर्ण केले.

डार्विन यांनी आयुष्याच्या अखेरीस गांडुळांवर पुस्तक लिहिले. १९ एप्रिल १८८२ रोजी डाउन येथील घरी त्यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांना दफन करण्यात आले. डाउनचे घर आणि बाग आजही जपलेली असून लोक ती पाहायला जातात.

मित्रांनो, या रोपांना किड्यांची गरज का पडते, हे आता सांगायला हवे. ती दलदलीच्या, निकस जमिनीत वाढतात. तेथील मातीत नायट्रोजन फार कमी असतो. तो मुळांतून मिळत नाही, म्हणून ती पानांनी मिळवतात. आपले अन्न मात्र तीही इतर झाडांसारखी सूर्यप्रकाशातच तयार करतात. किडा हा त्यांचा जेवणातला भात नव्हे, तर औषधाची गोळी समजा.

हे एकदा समजले, की व्हीनस फ्लायट्रॅप कुंडीत कसे वाढवावे हे आपोआप कळते. त्याच्या वाढीचा हंगाम वसंत ऋतूपासून शरद ऋतूपर्यंत असतो. या काळात त्याला रोज भरपूर ऊन लागते. कुंडी पावसाच्या पाण्याने भरलेल्या पसरट ताटलीत ठेवावी, म्हणजे माती सतत ओली राहते. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, ते या रोपाला मारक ठरतात. मातीऐवजी वाळलेले दलदली शेवाळ आणि धुतलेली वाळू वापरावी. शेणखत किंवा रासायनिक खत कधीही घालू नये. जे इतर झाडांना अमृत, ते याला विष! महिन्यातून एकदोन लहान किडे पुरतात. उघड्यावर असले तर तेही ते स्वतःच पकडते. रोप अशक्त असेल तर फुलाचा दांडा वाढण्याआधीच कापावा, म्हणजे पानांना बळ मिळते. काळी पडलेली पाने काढून टाकावीत. हिवाळ्यात याला तीनचार महिने थंडीत विश्रांती लागते. आपल्याकडे पुरेशी थंडी पडत नाही, म्हणून महाराष्ट्रात हे रोप वर्षानुवर्षे टिकवणे अवघड जाते.

आणखी एक गोष्ट. गंमत म्हणून काडीने पान मिटवू नये. नंतरच्या शास्त्रज्ञांना आढळले, की पान मिटण्यासाठी साधारणपणे वीस सेकंदांच्या आत केसांना दोनदा स्पर्श व्हावा लागतो. एकच स्पर्श झाला तर पान वाट पाहते. एवढी काटकसर करणाऱ्या पानाला आपण उगाच मिटायला लावले, तर त्याची शक्ती फुकट जाते. पान आयुष्यात थोड्याच वेळा मिटू शकते. आपला खेळ होतो आणि त्याचा जीव जातो.

कॅरोलिनाच्या रानात तर या रोपांवर चोरांची नजर आहे. विकण्यासाठी ती इतकी उपटली जाऊ लागली, की उत्तर कॅरोलिना राज्याने २०१४ साली कायदा कडक करून ही चोरी गंभीर गुन्हा ठरवली.

दवबिंदू पाहायला आपल्याला इंग्लंडला जावे लागत नाही. पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातील कास पठारावर आणि कोकणातील जांभ्या दगडाच्या सड्यांवर दवबिंदू उगवतो. तेथील मातीचा थर पातळ आणि निकस असतो. त्याच्या शेजारी निळी-जांभळी फुले डोलत असतात. त्यांना लोक सीतेची आसवे म्हणतात. आसवे म्हणजे आसू. हीसुद्धा कीटकभक्षी वनस्पती आहे. तिच्या इवल्याशा पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात. डार्विन यांनी या कुळातील वनस्पतींचाही अभ्यास केला होता. मेघालयातील घटपर्णी हीदेखील अशीच. तिच्या पानाच्या टोकाला सुरईसारखा घट असतो आणि त्यात पडलेला किडा बाहेर येत नाही.

तुम्ही कधी सहलीला कास पठारावर गेलात, तर पाऊल जपून टाका. तुमच्या बुटाखाली जे येईल, ते कदाचित दवबिंदूचे रोप असेल. ते उपटू नका. उपटून आणलेले रोप घरी जगत नाही. गुडघे टेकून खाली वाका आणि पाहा. किती पानांवर किडे आहेत, ते मोजा आणि वहीत लिहून ठेवा. डार्विन यांच्या पंधरा वर्षांच्या कामाची सुरुवात अशीच झाली होती : बारा रोपे, छप्पन्न पाने आणि मनात उठलेला एक प्रश्न.